आधी माणूस आहात का ते सांगा

माझ्या ओझरच्या मामांचं ऐका. फालतू मेलना ते इतके वैतागले, की त्यांनी एक सॉफ्टवेअरच बसवून घेतलं. अनोळखी मेल आला की ते अडवून ठेवायचं आणि पाठवणाऱ्याला उलट विचारायचं, 'आपण माणूस आहात का? असाल तर इथे दाबा.' मामांनी एका लग्नात नांदगावच्या गायकवाड सरांना त्याचं कौतुक ऐकवलं. सरांनीही तेच बसवलं.

पुढे सरांच्या मुलासाठी स्थळ म्हणून मामांनी आपल्या मुलीची, प्रज्ञाची माहिती आणि फोटो मेल केला. उत्तरच येईना. मामा चिडले. "नकार द्या, पण कळवा तरी. आणि शिक्षक म्हणवतात."

शेवटी मामीने फोन लावला. सर जरा तुटकच बोलले, "आम्ही तुमच्याच मेलची वाट बघतोय, वहिनी."

प्रज्ञाने मामांचा कॉम्प्युटर उघडला आणि हसतच सुटली. सरांच्या मशीनने मामांचा मेल अडवून विचारलं होतं, माणूस आहात का? तो प्रश्नच मामांच्या मशीनने अडवला आणि उलट विचारलं, आधी तुम्ही सांगा.

रविवारी मामा-मामी थेट नांदगावला गेले. सरांनी दार उघडताच मामा हात जोडून म्हणाले, "जय भीम, सर. मी माणूस आहे."

सर हसले, चहा झाला, पोरांचं जमलंही. परतताना एसटीत मामा कुरकुरले, "काय मशीन आहे, माणूस ओळखेना."

मामी म्हणाली, "तुम्ही माणूस आहात हे कळायला मला अख्खा संसार करावा लागला. त्या बिचाऱ्याला एका मेलवरून कसं कळणार?"