कोतात्सूखालचे चार तास

मिनेगिशी : तोकुदासान, खाली ट्रक उभा आहे. या कागदावर सगळ्यांचे शिक्के झालेत. तुमचा तेवढा राहिलाय.

तोकुदा : उभा राहू दे. तुझं मशीन सकाळी आठपासून कोतात्सूखाली आहे. बारापर्यंत तिथंच राहणार.

मिनेगिशी : म्हणजे त्या बुटक्या टेबलाखाली? वरून रजई, आत हीटर, आणि मशीन चालू?

तोकुदा : चालू. पडद्यावर बघ ना, खेळ कसा रंगलाय.

मिनेगिशी : अहो, हे मशीन मी बनवलंय. छातीएवढ्या उंचीवरून पन्नास वेळा आपटलं, वायरी ओढल्या, बटणं लाखो वेळा दाबली. ढिम्म काही झालं नाही. पण रजईखाली व्हिडिओ गेम कोण ठेवतं?

तोकुदा : पोरं ठेवतात. आईची पावलं वाजली की वही वर, मशीन खाली. बंद करायला वेळ कुठे असतो! तीस वर्षं ही चाचणी घेतेय. शुक्रवारी निवृत्त होईन, पण तोवर एकही मशीन असं सोडणार नाही.

मिनेगिशी : तीस वर्षांपूर्वीची पोरं ती! नववर्षाआधी माल दुकानात पोचला नाही, तर माझी तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल.

तोकुदा : तू कुठे लपवायचास?

मिनेगिशी : मी?

तोकुदा : नाही, तुझा साहेब. अरे, तूच!

मिनेगिशी : ...कोतात्सूखाली.

तोकुदा : बघ!

मिनेगिशी : पण त्याला काही झालं नाही ना! आई कामावरून यायची, समोर बसून संत्री सोलायची. मी पायांनी मशीन झाकून बसायचो, तासन् तास. ते आपल्या कंपनीचंही नव्हतं. तुमच्या चाचणीविना टिकलं, अजून चालतंय.

तोकुदा : हीटर चालू असायचा?

मिनेगिशी : असणारच. नागानोतला जानेवारी, बाहेर कमरेइतका बर्फ. आई आत पाय घालायची, म्हणायची, "बाई, काय उकडतंय आज!" आणि हीटरचं बटण बंद...

(तोकुदा पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे बघते.)

तोकुदा : रोज उकडायचं?

मिनेगिशी : रोज. माझे पाय गारठायचे. मला वाटायचं, दमून आलीये म्हणून उकडत असेल.

तोकुदा : कधी काही बोलली नाही?

मिनेगिशी : एक शब्द नाही.

तोकुदा : मिनेगिशी, प्रत्येकाच्या आईला जानेवारीत उकडत नाही रे.

मिनेगिशी : ...किती वेळ उरलाय?

तोकुदा : चाळीस मिनिटं.

मिनेगिशी : हीटर पूर्ण वाढवा. मी बसतो इथंच. ट्रकवाल्याला चहा पाठवा. माझं मशीन टिकणार, बघाच तुम्ही.

तोकुदा : सरक मग, मलाही पाय घालू दे. आणि लाथ लावू नकोस त्याला.

मिनेगिशी : तुम्हीच लावताय!

तोकुदा : बरं, बरं. घड्याळाकडे सारखं बघून ते पळत नाही... (चाळीस मिनिटांनी) हं, झाले बारा. काढ बाहेर.

मिनेगिशी : आई गं, चटका बसतोय! पण पंखा फिरतोय, खेळ चालू आहे. एकदाही अडकला नाही! म्हटलं नव्हतं?

तोकुदा : म्हटलं होतंस, आणि घामही तुलाच फुटला होता. आण तो कागद. हा घे शिक्का. पळ आता खाली.

मिनेगिशी : पळतो. आधी नागानोला एक फोन करतो.

तोकुदा : काय सांगणार आईला?

मिनेगिशी : सांगणार काही नाही. विचारतो, आज उकडतंय का.