वर्षातून एकदा वीज

नाही, तो ड्राइव्ह नाही देणार मी तुम्हाला. ठेवा खाली. वाचा बघू ती घरच्या सर्व्हरची यादी पुन्हा — हां, मोबाइलवरचीच — कोणी केली? स्वतःच? म्हणजे चार व्हिडिओ बघून. वाटलंच मला. अहो, त्या व्हिडिओवाल्याच्या घरी सर्व्हर नसतो, फक्त कॅमेरा असतो! सेकंदाला सात हजार मेगाबाइट, म्हणे — आणि घरात वायर कुठली? राउटरच्या खोक्यातून आलेलीच ना? तिच्यातून सेकंदाला शंभर-सव्वाशे जातात, बस्स. म्हणजे तुमचा हा ड्राइव्ह धावत धावत दारापर्यंत येणार आणि पुढे चप्पल हातात घेऊन उभा राहणार. आणि ठेवायचं काय त्यावर? लग्नाचे फोटो. मुलीचे व्हिडिओ. कुणी पाठीस लागलंय का त्यांच्या? वर हे दिवे — लाल, निळे, जांभळे — कपाटात बंद राहणाऱ्या वस्तूला दिवे! अंधारात तिला भीती वाटते का?

दोन? दोन घेऊन काय करणार? — आरसा. एकावर लिहिलं की दुसऱ्यावर आपोआप. छान. आणि दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले, एकाच दिवशी चालू केलेले. एकावर जेवढं लिहिणार तेवढंच दुसऱ्यावर, म्हणजे झिजणारही सारखेच. मग जातील कधी? एकाच आठवड्यात जातील, जोडीनं! एक या कंपनीचा घ्या, एक त्या कंपनीचा घ्या, साधे, मधल्या वेगाचे, पण जास्त लिखाण सोसणारे. एवढं सोपं आहे, पण सोपं सांगितलं की तुम्हा लोकांना वाटतं दुकानदार टाळतोय. आणि आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. घरात कुणी चुकून फोटो उडवले तर आरसा तेही इमानदारीनं उडवतो — काय? तिसरा घेणार? भरून कपाटात ठेवून देणार? वा! उंटावरचे शहाणे आहात अगदी.

अहो, हा लोखंडी पेटारा नाही. आत कणभर कणभर वीज धरून ठेवलेली असते, तीच तुमची माहिती. बाहेरून वीज मिळाली नाही की ती हळूहळू झिरपते. विसरतो तो. बाहेरून काही कळत नाही — डबी तशीच चकचकीत, चिठ्ठी तशीच चिकटलेली, आत मात्र विसरत चाललेला. खूप वापरून झिजलेला असला तर लवकर, उबेला ठेवला तर आणखी लवकर. कपाटात ठेवायला जुन्या धाटणीची, फिरणारी डिस्क घ्या, नाहीतर — ते बघा, भिंतीवर लिहून ठेवलंय, ठळक अक्षरात, माझ्याच हातानं. ‘वर्षातून एकदा वीज द्या.’ पण वाचतंय कोण? डोळे सगळ्यांना दिलेत, काय करायचं!

काय? — तो नाही. हात काढा. विकायचा नाही तो, यूपीएसच्या खोक्यावर ठेवलाय म्हणजे काय दुकानातला माल झाला? — चिठ्ठी, हो, ‘धाकट्यासाठी’ असंच लिहिलंय. दादाचं अक्षर आहे. मोठा भाऊ माझा. हे दुकान दोघांचं होतं आधी. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा तो, मला ते जमत नाही, दिसतंयच तुम्हाला. पण माल भरायचा स्वस्तातला, भिकार. एका बाईंचा ड्राइव्ह महिन्यात गेला, त्या इथे, तुम्ही उभे आहात तिथेच उभ्या राहून रडत होत्या, आणि मी त्यांच्यासमोर दादाला म्हणालो — तुला काडीची अक्कल नाही, दुकानात उभं राहायची तुझी लायकी नाही. काही चुकीचं बोललो का? नाही चुकीचं. त्यानं किल्ल्या काउंटरवर ठेवल्या, म्हणाला, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — आणि गेला. नऊ वर्षं बोललो नाही आम्ही. मग तो वारला. वहिनी हा ड्राइव्ह घेऊन आली. म्हणाली, भावजी, घरच्या सर्व्हरमधला आहे, शेवटी शेवटी कॅमेऱ्यासमोर बसून तुमच्याशी बोलायचे, मी ऐकलं नाही, तुम्ही ऐका.

नाही ऐकलं. अहो, वेळ कुठे आहे, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं दिवसभर डोकं खातात! — आणि असणार काय त्यात? शिव्याच असणार, नऊ वर्षं साठवलेल्या. शिव्या मी ऐकून घेईन हो, त्याची भीती नाही मला. पण शिव्या नसल्या तर? माफ केलं वगैरे म्हणाला असला तर? मग मी काय करायचं, कुणाला जाऊन सांगायचं? म्हणून राहिलं. आज बघू, उद्या बघू.

किती? चार वर्षं होतील आता. — काय म्हणालात? पुन्हा बोला. — नाही. नाही दिली वीज. एकदाही नाही. — हो, वाचता येतं मला, माझंच अक्षर आहे ते! यूपीएसवर? हो, तिथेच असतो, चारही वर्षं, समोर दिसावा म्हणून — गरम होत नाही एवढा तो. द्या इकडे. — कोमट आहे.

ती वायर द्या. ती नाही, शेजारची, काळी. सरका जरा, उजेड अडवताय. हां. दिवा लागला, बघा, लागला दिवा! एवढ्यात काही होत नाही याला, चांगला होता हा, दादानं निदान एक तरी बरा घेतला होता... येतंय. थांबा. नाव का दाखवत नाही हा —

कोरा आहे म्हणतोय. फॉरमॅट करू का, विचारतोय.

जा तुम्ही. ते दिव्यांचे हवेत ना तुम्हाला? न्या. दोन न्या, तीन न्या, कपाटात ठेवा नाहीतर डोक्यावर ठेवा. जा म्हटलं ना.