वाटाघाटीच्या खुर्च्यांचे पाय

—नाही नाही, त्या स्टुलावर नको साहेब, त्याचे तीनच पाय धड आहेत, चौथा नुसता सोबतीला आहे. या खुर्चीत बसा. बसा हो — जरा खाली आहे — अजून खाली — अजून थोडं — हां, टेकलात. गुडघे हनुवटीशी आले की पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, मग सवय होते. आमच्याकडे सगळं सामान असंच बुटकं. पाहुणे हसतात. मी म्हणते हसा, पण पडलात तर लागणार नाही, एवढं बघा. तर काय विचारत होता तुम्ही? जावई. जावई घरी नाहीत, ते मी दारातच सांगितलं. कुठे गेले ते मला कसं ठाऊक असणार — सुतार माणूस, ज्याचं दार अडलं त्याच्याकडे गेला. येतील. किंवा नाही येणार. लेक माझी संध्याकाळी कामावरून येते, तिला विचारा. काय? खोकल्यासारखं? मांजर ते. पलंगाखाली बसतं. म्हातारं झालंय, खोकतं अधूनमधून.

ते कार्ड मला दाखवून काय उपयोग, वाचता कुठे येतं मला. फोटो तेवढा बघते. बारीक होता की तुम्ही तेव्हा. सुरक्षा खात्याचे म्हणालात ना? बरं. मग घाईत नसाल. घाईतली माणसं दार वाजवत नाहीत, असं ऐकलंय मी.

जावयाबद्दल विचारताय तर सांगते, पण माझं नाव पुढे करायचं नाही. माणूस वाईट नाही. लेकीनं पसंत केला तेव्हा मी जेवण सोडलं होतं — म्हणजे तिच्यासमोर सोडलं होतं. हात चांगला आहे, पण खोडी दोन. एक म्हणजे, कुणाला नाही म्हणता येत नाही. समोरच्यानं तोंड पाडून काही मागितलं की यांचं आपलं ‘बरं’. एकदा एकाच दिवशी दोन घरी जेवायला हो म्हणाले आणि दोन्हीकडे पोटभर जेवून आले, तिसरं जेवण घरी, कारण लेकीला तरी नाही कसं म्हणायचं. आणि दुसरी खोडी — डुगडुगणं सहन होत नाही. खुर्ची एवढीशी हलली की करवत. हा पाय लांब वाटतो म्हणून तो कापायचा, मग तो आखूड पडला म्हणून बाकीचे तीन, मग त्या तिघांतला एक पुन्हा लांब. जेवायचं टेबल आणलं तेव्हा माझ्या कमरेला लागत होतं, आता मी त्याच्यावर पाय टाकून लसूण सोलते. आणि हे वर उभे राहून विचारतात, आई, आता कसं, गच्च ना? गच्चच असणार. जमिनीला टेकल्यावर काय हलणार आहे?

आता त्या दोन देशांचं. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, पण मला समजलं तसं सांगते, चुकलं तर थांबवा. नदीच्या अलीकडचे आणि नदीच्या पलीकडचे. माझी लेक रांगत होती तेव्हाही रेडिओवर हेच होतं — इकडच्या बाजारात काही फुटलं की तिकडच्यांनी केलं, तिकडच्या बसमध्ये काही सापडलं की इकडच्यांनी केलं. आणि जायचे कोण, तर भाजी आणायला गेलेले. मग ठरलं की दोघांना तिसऱ्याच्या घरी समोरासमोर बसवायचं, नवराबायकोला मामाकडे बसवतात तसं. तिसरे म्हणजे आपण. आणि त्या जुन्या सभागृहातल्या खुर्च्या नीटनेटक्या ठेवायला कोण, तर आमचे जावई. रोज सभा उठली की जायचं, पॉलिश करायचं, खिळे ठोकायचे, यायचं.

बंदोबस्त काय विचारता — तुमचाच तर होता. कुत्रं येऊन यांचा डबा हुंगायचं. माझ्या भाजीला शिंकलं ते, मी आजवर विसरले नाही. आत जाताना हत्यारं मोजून आत, बाहेर येताना मोजून बाहेर. करवत, कानस, रंधा, पटाशी. एकदा पेन्सिल कमी भरली तर यांना तासभर बसवून ठेवलं, ती कानावर होती. एवढी चोख मोजणी. खुर्चीचे पाय मात्र कुणी मोजले नाहीत — म्हणजे मी आपलं बोलण्यात बोलते. कशाला मोजायचे, पाय म्हणजे काय हत्यार आहे?

पहिला आठवडा तर म्हणे एकाच गोष्टीत गेला, की दहशतवादी कुणाला म्हणायचं. हे म्हणायचे तो, ते म्हणायचे हा. जाडजूड पुस्तकं उघडली, वकील आणले, शब्दाला शब्द लावून बघितले. शेवटी दोन्ही बाजूंना मान्य असं एक वाक्य सापडलं — जेवायची सुट्टी घेऊ या. हे मला जावयांनी सांगितलं, शेजारच्या खोलीत तेव्हा ते दरवाज्याची कडी बसवत होते, त्यासाठी दिवसाही बोलावलं होतं. ऐकत नव्हते हो. कानावर पडलं. कान काय काढून ठेवायचे, ते तुमच्या मोजणीत कमी भरले असते.

अलीकडचे मोठे साहेब ते मिशीवाले, पलीकडचे ते टोपीवाले. तर एका संध्याकाळी मिशीवाल्यांचे चिटणीस इथे आले, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. तुम्ही बसलाय तिथेच बसले. म्हणाले, मिस्त्री, फोटोत टोपीवाले उंच दिसतात. टोपीमुळे. टोपी काढा म्हणावं तर त्यांच्या देशाचा अपमान. आमची खुर्ची उंच करावी तर लगेच बोंब. तर त्यांच्या खुर्चीचे पाय — बोटभर — कुणाला कळणारही नाही. आमचे काय म्हणाले असतील? बरं म्हणाले. पण कसं आहे — हे झालं असं मी म्हणत नाही. झालं असतं तर असं झालं असतं, असं समजा.

दुसऱ्या दिवशी टोपीवाल्यांच्या चिटणीसबाई. पर्स अशी छातीशी धरलेली, जणू मीच ओढून घेणार आहे. म्हणाल्या, मिशीवाले ताठ बसतात, आमचे साहेब वयामुळे वाकतात, जगभर दिसतं की आम्ही वाकलो. त्यांच्या खुर्चीचं जरा बोटभर बघा ना. आणि यांचं पुन्हा — बरं. मी स्वयंपाकघरातून खुणा करतेय, अहो, काल तुम्ही त्यांना — तर मलाच म्हणतात, आई, तुम्हाला काही हवंय का?

मग काय. याची बोटभर कापली, त्याची बोटभर कापली, फिट्टंफाट झाली असती, मी म्हणते तिथे थांबावं. पण डुगडुगली ना. यांच्यानं बघवेना. रोज संध्याकाळी आपले समतोल करायला जायचे, आणि रोज सकाळी दोन्ही मोठे साहेब कालच्यापेक्षा खाली. हे चिटणीस बघायचे समोरचा खाली गेला, खूश. मग आपल्या साहेबांकडे बघायचे, तेही खाली. तिकडे बाईंचंही तेच. आणि बोलायचं कुणी? मिशीवाल्यांच्या माणसानं तक्रार केली की आमची खुर्ची कुणीतरी कापली, तर चौकशी होणार, चौकशीत निघणार की समोरची त्यानंच कापायला सांगितली. बाईंचीही तीच गत. दोघं रोज एकमेकांना बघून गोड हसायचे आणि यांच्याकडे बघून दात-ओठ खायचे. शेजारीण पेपर घेऊन आली एक दिवस, म्हणाली हे बघा. काय बघायचं? एक लांबच्या लांब टेबल. टेबलावर इकडून एक मिशी. तिकडून एक टोपी. बाकी काही नाही.

पण एक झालं, साहेब. पहिल्या दिवशी दोघं म्हणे टेबलावर मुठी आपटत होते. टेबल गळ्यापर्यंत आल्यावर आपटणार कसे? नुसती कड धरून बसायचे, पोहायला शिकणाऱ्या पोरांसारखे. आणि लिहून आणलेली भाषणं राहिली वर, टेबलावर, दिसेचनात. आता कागद दिसत नाही म्हटल्यावर माणूस काय बोलणार? मनातलं बोलणार. मिशीवाले म्हणाले, तुमचा कुठला? टोपीवाले म्हणाले, उजवा, तुमचा? म्हणाले, दोन्ही. गुडघ्यांवरून कंबर निघाली, कंबरेवरून नातवंडं निघाली, नातवंडांवरून बाजारातलं ते — मिशीवाल्यांच्या भाचीचं दुकान होतं तिथे, म्हणे. होतं. जावई कडी बसवत होते ना अजून. एवढी मोठी कडी कुठली ते मला विचारू नका.

आणि मग तो फोटो, तुमच्याही खात्यात भिंतीला लावलाय म्हणे, दोघांचा हातात हात. जगभर गाजला. शेजारीण रडली. मीही रडले असते, पण मला खरं माहीत होतं. टोपीवाल्यांना उठायचं होतं, या वयात उठावं लागतं मधून मधून, आणि उठता येईना. मिशीवाले टेबल धरून कसेबसे उभे राहिले होते, त्यांनी हात दिला. कुणीही दिला असता. एवढंच. लगेच खटाखट फोटो. आणि हात धरलेला असताना सगळे टाळ्या वाजवायला लागले, तर सोडणार कसा? म्हणून हसले. आता उद्या सह्या आहेत, नदीवरचा पूल उघडणार आहे, आणि तुम्ही आज या पुडीत भुसा घेऊन माझ्या दारात.

हो, दिसतोय मला, लाकडाचाच आहे. खुर्चीखाली सापडला. कुत्र्यानं दाखवला. ते भाजीला शिंकणारंच ना? वाटलंच. म्हणजे तुमचं म्हणणं, आमच्या जावयांनी पाय पोखरून आत काही भरलं? कुठल्या टोळीनं सांगितलं? अहो, ज्या माणसाला लेक बाजारातून दही आणायला सांगते आणि तो दूध आणतो कारण दूधवाल्याला नाही म्हणता आलं नाही, त्याला कुठली टोळी घेईल? आणि कशाकडे बघताय? खिडकीला? खिडकी वाऱ्यानं आपटते म्हणून ठोकळा लावलाय. पॉलिश आहे तर आहे, सुताराच्या घरी ठोकळ्याला पॉलिश असतं. खाली पितळेची टोपी? असेल. तसले अजून सात आहेत, डब्यात — नका बघू हो तिकडे.

मी काय काय बोलले? काहीच बोलले नाही ना? झालं असतं तर असं झालं असतं, एवढंच म्हणाले.

उठताय? उठा. — येत नाही ना? असंच होतं. डावीकडे वळा, नाही, हात टेकू नका, हातानं अजून रुतता. थांबा, द्या इकडे हात. असा. आता ऐक, बाळा — बाळाच म्हणते, माझ्या नातवाच्या वयाचा आहेस, आणि आता अर्ध्यावर उचललाय तुला, माझ्या मनात आलं तर सोडीन. सोडू? नाही ना. मग सांग, तुझ्या साहेबाला काय सांगणार? खरं सांगितलंस तर आमचे जावई आत, चिटणीस आणि चिटणीसबाई एकमेकांच्या झिंज्या धरणार, सह्या राहिल्या बाजूला, आणि बाजार पुन्हा — तुला माहीत आहे, मी कशाला सांगू. वाळवी सांग. जुनं सभागृह, जुनं लाकूड, भुसा पडला, पाय बसले. वाळवी. वाळवी ना अलीकडची ना पलीकडची. कुणाचा अपमान नाही. काय? लेखी द्यावं लागतं? मग लेखी वाळवी दे. मान हलवून चालणार नाही, तोंडानं म्हण. — शाब्बास. हे घे, उभा राहिलास.

आता आलाच आहेस तर एवढं कर. त्या पलंगाचा तो कोपरा धर आणि वर उचल. मांजर आहे खाली, सांगितलं ना. पाणी मागणारं मांजर आहे, मघापासून मागतंय, मी बडबडून बडबडून झाकतेय. दारावर थाप पडली तसे श्वास सोडून घुसले, आता श्वास घेतल्यावर निघेनात. पलंग माझा. गुडघे गेल्यावर माझे पाय जमिनीला टेकेनात उठताना, मी कुणाला बोलले नव्हते, लेकीलासुद्धा नाही. एक दिवस दुपारी झोपून उठले तर पाय टेकले. कापला होता. मला न विचारता. मी तेव्हा चिडले होते खूप, वर काही बोललेही असेन. बरं, उचल तू — अजून — या, जावईबापू, या बाहेर. डोकं सांभाळा. हे साहेब. काही नाही म्हणाले ते, वाळवी म्हणाले. आधी पाणी प्या.

— काय? ती खुर्ची? नाही, हलत नव्हती. बाळा, नाही म्हण. हलत नव्हती म्हण. अरे असा विचार काय करतोस, नाही म्हण पटकन — झालं. घेतली करवत. ठेवा ती खाली, जावईबापू, पाहुण्यासमोर काय हे. तू निघ आता, नाहीतर उंबरठाही कापतील. उद्या सह्या आहेत, लवकर जायचं असेल तुला. आणि निर्धास्त जा, सह्यांचं टेबल नवीन आलंय म्हणे, परदेशी, त्याला यांनी हातसुद्धा लावलेला नाही. हो ना, जावईबापू?

जावईबापू?

... तू जा, बाळा. दार ओढून घे. हळू ओढ, हातात येतं.