साचलेली सुट्टी

—नाही, नाही, तिथे नका बसू, त्या खुर्चीची स्प्रिंग तुटलीय आणि खुर्ची गिऱ्हाइकाची आहे. इकडे या, फोमच्या गठ्ठ्यावर बसा. बसा हो, कपडे नाही खराब होत. आणि आवाज जरा खाली ठेवा — ती दारापाशी बसलीय ना, ती सगळं ऐकते. केलात तेवढा नमस्कार पुरे. बायको आहे माझी, पळून नाही चालली — म्हणजे, चाललीय, पण त्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं. तुम्हीच हे करून ठेवलंय, आता तुम्हीच निस्तरा.

काय केलंत? घ्या! गेल्या महिन्यात घरी कोण आलं होतं मग? घरचे पैसे, दुकानाचे पैसे, दोन्हीची घडी नीट बसवून देतो म्हणालात. म्हटलं बसवा, शिकलेला माणूस आहे, फीपण घेतो. मला काय, सहीपुरतं लिहिता येतं. मी हातपाय धुवायला आत गेलो आणि तेवढ्यात तुम्ही हिच्यापुढे कागद पसरलेत — नळाला पाणी नव्हतं म्हणून ऐकू आलं मला — आणि म्हणालात, काकू, सोळा वर्षं दुकानातून पगार घेताय, निवृत्तीचं काय ठरवलंय? असं विचारतात होय कुणी, दुकानदाराच्या बायकोला? ती म्हणाली, कुणाचा पगार? तुम्ही म्हणालात, तुमचाच. ती म्हणाली, मी काय काम करते? तर तुम्ही कागदात डोकं घालून सांगितलंत — देखरेख. आणि वर हसलात. मी आत कोरड्या नळापाशी उभा.

आधीचे आमचे हिशेबनीस असले उद्योग करत नव्हते. पेन्सिलवाले म्हणायचो आम्ही त्यांना — सगळं पेन्सिलीनं लिहायचे, खोडता यावं म्हणून. त्यांनीच सांगितलं होतं, मालक, नफा फार दिसतोय, बायकोला पगार दाखवा, टॅक्स वाचेल. म्हटलं दाखवा. सगळेच दाखवतात. न्हाव्यानं दाखवलाय, बेकरीवाल्यानं दाखवलाय — त्यानं तर सासूलाही दाखवलाय, आणि ती बाई अंथरुणातून उठत नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे हिच्या खात्यात जायचे आणि हिनं सह्या करून ठेवलेल्या चेकवर माझ्या गल्ल्यात परत यायचे. ह्या खिशातून त्या खिशात. नवीन चेकबुक आलं की मी तिच्या पुढ्यात टाकायचो, ती ओले हात पुसून पानापानावर सही करायची आणि परत ओट्याकडे वळायची. कसली सही, तिनं कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं काय त्यात? दाखवणं वेगळं, देणं वेगळं — हे धंद्यातल्या माणसाला कळतं, बायकांना कोण समजावणार?

त्या दिवशी तुम्ही गेलात. हिनं जेवायला वाढलं, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडतोय तर ही मागे उभी. म्हटलं, काय गं? म्हणाली, देखरेख. आणि ती जी बसली तिथे, ती रोज बसते. एक वाजला की डबा खाते, सहा वाजले की उठते. एक मिनिट जास्त नाही. परवा कारागिरानं नव्या कापडाखाली जुना फोम ढकलला, तर ही म्हणते, काढ तो. तो माझ्याकडे बघतो. मी कशाला बोलतोय — मीच सांगितलं होतं त्याला घालायला. तेवढ्यात आलेलं गिऱ्हाईक खूश झालं, म्हणालं, मालकीणबाई, तुमचं लक्ष आहे बरं का! ही म्हणाली, मालकीण नाही मी, नोकरीला आहे इथे.

घरी? घरी सगळं होतं तसं. वेळेवर जेवण, धुतलेले कपडे. भांडण नाही, तंटा नाही — तेच तर! भांडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते, दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी विषय संपला असता. आमचं असंच चालायचं. हिला ह्या वेळेस रागच नाही. काल म्हणाली, अहो, उद्यापासून मी सुट्टीवर. म्हटलं, कसली सुट्टी? म्हणाली, साचलेली. म्हटलं, अगं ती नोकरी नुसती कागदावरची, खोटी. तर म्हणाली, तसं लिहून द्या, मी टॅक्सवाल्यांना नेऊन देते. म्हटलं, बाई, असलं काही करू नकोस, नोकरी खरी! म्हणाली, मग सुट्टी खरी. बघा आता. खोटी म्हणावं तर टॅक्सवाले दारात, खरी म्हणावं तर ही दाराबाहेर. काढा वाट. फी कशाची घेता?

काम करायची का? इथे? छे, दुकानात पाय नाही ठेवला तिनं याआधी कधी. खोळी शिवायची तेवढ्या, त्याही घरी बसून. कुठल्या म्हणजे? सगळ्याच. गादीची, कुशनची, सोफ्याची — इथून गेलेली प्रत्येक खोळ तिच्याच मशीनवरची. मग काय झालं? ते घरचं काम. मशीन घरात, बाई घरात, मग काम कुणाचं झालं? असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे आहात?

नाही, तेव्हा कधी मागितली नाही सुट्टी. हां — एकदा मागितली होती. बहीण आजारी होती हिची, आठ दिवस जाऊन येते म्हणाली. नेमकं तेव्हा हॉटेलवाल्याचं काम आलेलं, चाळीस खुर्च्या, चाळीस खोळी. म्हटलं, ऐन हंगामात सुट्टी कुठली? हाच शब्द, सुट्टी, मीच काढला तेव्हा तोंडातून. ही मशीनवर जाऊन बसली. खुर्च्या वेळेवर गेल्या. हॉटेलवाल्यानं रोख दिले, एक पैसा कापला नाही. बहीण — ती गेली. खुर्च्यांच्या आधीच गेली. मग म्हटलं, आता जाऊन तरी काय करणार, आणि हीपण नको म्हणाली. म्हणजे नको असं नाही म्हणाली. काहीच नाही म्हणाली. मी आपलं धरून चाललो.

वाईट वाटतं का? हा अंगठा बघा. धरा, दाबा जोरात. काही नाही. आयुष्यभर हातोडीचे घाव खाल्लेत त्यानं, सुई आरपार गेली तरी कळत नाही, कापडावर रक्त दिसलं की कळतं. काल ती पिशवी भरत होती, मी खाटेवर बसून बघत होतो. दोन साड्या, चष्मा, गोळ्या. म्हटलं आता काहीतरी वाटेल, मग वाटेल. माझ्याही गोळ्या, कुठल्या कधी घ्यायच्या त्या, तिनं काढून ठेवल्या फडताळात, वेगवेगळ्या डब्यांत. वाटलं नाही काही. झोप लागली.

ते असू द्या. हिशेब सांगा. तिनं विचारलंय, कायद्यानं किती साचली? मी म्हटलं, सल्लागार सांगतील, ते सांगतील तो आकडा मला मान्य. मला वाटलं होतं पंधरा-वीस दिवस निघतील. बहिणीची मुलगी आहे तिकडे, तिच्याकडे जाणार म्हणते, जाऊन येऊ दे. काय? रविवार धरायचे की नाही? मी कुठे धरा म्हणतोय, ती म्हणतेय. रविवारी उलट जास्त शिवायची, सोमवारी माल द्यायचा असायचा ना. तिलाच विचारा. नको, नका विचारू — धरा. धरा रविवार. काढा ते हिशेबाचं यंत्र बाहेर.

झालं?

दिवसांत नको, मला कळत नाही दिवसांत. वर्षांत सांगा.

परत सांगा. तीन वर्षांच्या वर?

बरं.

नाही, काही नाही. मी बहात्तरचा आहे, एवढंच आलं मनात. काही खोडू नका. हे पेन्सिलीचं नाही. आकडा मान्य म्हटलंय मी. आणि आता आवाज कशाला खाली करताय, ऐकलंय तिनं — उठली बघा. फी पुढच्या महिन्यात घेऊन जा. तुम्ही व्हा पुढे. आणि ऐका, जाताना दार ओढून घेऊ नका, तिला निघायचंय.