हॉर्न आणि लिंबू-मिरची

जुनी मोटार नवी केली तरी माणसाला स्वस्थ बसू देत नाही, राव. थोरल्या भावानं, अण्णानं, देहूरोडच्या लष्करी लिलावातली मोटार वर्षभर खपून चालती केली आणि तिच्यातूनच माझ्या लग्नाचं वऱ्हाड चाकणला निघालं. मुहूर्त जवळ आलेला आणि दर खड्ड्याला हॉर्न आपोआप बोंबलायचा. वऱ्हाडातले मेकॅनिक इस्माईलभाई रस्त्यातच वायरिंग तपासून वैतागले.

अण्णा म्हणाला, "नजर लागलीय. सकाळीच लिंबू-मिरची बांधली, तरी."

"कशात ओवलीस?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"तांब्याच्या तारेत. दोरा तुटतो."

ती तार पुढच्या जाळीतून आत जाऊन दर धक्क्याला हॉर्नच्या वायरच्या जोडाला टेकत होती. इस्माईलभाईंनी ती ओढून फेकली, तसा हॉर्न गप्प झाला.

"बघा, सगळी नजर लिंबानं ओढून घेतली," म्हणत अण्णानं खिशातून दुसरं लिंबू काढलं.

मी बाशिंग सावरत म्हटलं, "दोऱ्यात ओव."