पहिल्या रांगेतली रिकामी कुंडी

(नर्सरीच्या मागचं आवार. दुपार उतरणीला लागलेली.)

आई: झेंडू नको. झेंडू कोणीही लावेल. आणि तुझ्या लग्नापर्यंत तो बुडापासून पिवळा पडलेला असेल.

लेक: मग काय? मी मोबाइलवर फोटो काढून ठेवलेत, बघ ना. हे असं हवंय मला. उंच, मऊ, वाऱ्यावर हलणारं.

आई: ते गवत आहे.

लेक: गवत? लग्नाला गवत?

आई: शोभेचं गवत. ऋतू सरत आला की सगळ्यांच्या बागा माना टाकतात, तेव्हा ह्याला तुरे यायला लागतात. पुढे ॲस्टर घे, ती जांभळी. मध्ये शेवंती. कडेला हे सेडम, ह्याची फुलं वाळली तरी वाईट दिसत नाहीत. सगळी दरवर्षी मुळातून परत येणारी. एकदा लावली की पुन्हा विकत आणायला नको.

लेक: दोन महिन्यांत होईल सगळं?

आई: तहान लागली की विहीर खणायला निघायचं, हे तुझ्या बाबांकडून उचललंस. दोन-तीन वर्षं जातात गवताला अंगानं भरायला.

लेक: म्हणजे नाहीच जमणार. सरळ सांग ना.

आई: नाही कुठे म्हटलं? माझी आहेत की भरलेली. ती भिंतीलगतची रांग. तीच उचलून देते.

लेक: ती विकायची आहेत?

आई: नाहीत. त्यांचे फुटवे काढून मी विकते, इतकी वर्षं. पण तुझं लग्न काय दरवर्षी येणार आहे, ठके?

लेक: ठकी म्हणू नकोस मला. कोणी म्हणत नाही आता.

आई: बरं. त्या रिकाम्या कुंड्या घे तिथल्या. मांडून बघू.

लेक: कुंड्या कशाला?

आई: खुर्च्या समज त्यांना. गवत हे बघणाऱ्याच्या जागेवरून लावायचं असतं. ऊन गवताच्या पाठीमागून आलं तर तुरे पेटल्यासारखे दिसतात. समोरून आलं तर नुसती वाळकी काडी. लग्न संध्याकाळी आहे ना?

लेक: पाच वाजता.

आई: मग ऊन मागच्या भिंतीवरून येणार. आपल्या... तुमच्या बागेत. तो पेरू अजून आहे का तिथे?

लेक: तोडला. काकूंना सावली नको होती, कपडे वाळत नव्हते.

आई: छान. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान झाडं तोडत नाही.

लेक: आई, प्लीज.

आई: गप्प बसले. ही भिंत समज. ही कुंडी तुझी खुर्ची, ही त्याची. तोंड कुठे?

लेक: फाटकाकडे. लोक समोर बसणार.

आई: म्हणजे लोकांचं तोंड भिंतीकडे. उत्तम. गवत तुमच्या पाठीशी, अर्धगोल. तुमचे फोटो निघतील ना, त्यात मागे सगळं सोनेरी येईल. मी ह्याच्यासाठीच लावलं होतं ते तिथे, तू पोटात होतीस तेव्हा. आता पहिली रांग. उजवीकडे कोण?

लेक: त्याच्या घरचे. आई, बाबा, आजी.

आई: तीन. आजींना जरा कडेला दे, उठायला बरं. डावीकडे?

लेक: आपले.

आई: म्हणजे तुझे बाबा. ही घे. आणि ही?

लेक: काकू.

आई: हं. ठेवली. ही आत्या असेल.

लेक: हो. आणि मग दुसरी रांग सुरू. एवढ्याच बसतात पुढे.

आई: अजून एक बसेल इथे. ही जागा तर सगळ्यांत चांगली आहे, इथून ऊन अगदी तुऱ्यांच्या आरपार दिसेल.

लेक: तिथून जायची वाट आहे.

आई: वाट पलीकडून काढ की.

लेक: आई.

आई: तुझ्या बाबांनी तारीख सांगायला फोन केला, तेव्हा म्हणाले, पुढचं ती स्वतः येऊन बोलेल. दोन वर्षांनी दारात उभी राहिलीस. मला वाटलं, बोलावायला आलीस.

लेक: मी सांगणारच होते. आधी झाडांचं होऊ दे म्हटलं.

आई: झाडांचं झालं. सांग.

लेक: तू आदल्या दिवशी ये ना. लावून द्यायला. तुझ्याइतकं नीट कोणाला जमणार नाही. सकाळी लवकर आलीस तर दुपारपर्यंत होईल, मग आपण दोघी जरा बसू, चहा घेऊ.

आई: आणि दुसऱ्या दिवशी?

लेक: दुसऱ्या दिवशी खूप लोक असतील.

आई: लग्नात लोक असतात, हे मला ठाऊक आहे. तिला नको आहे का मी? तुझ्या बाबांच्या बायकोला, तुझ्या काकूला?

लेक: त्यांचा काही संबंध नाही.

आई: मग बाबांना. फोनवर गोड बोलायचं आणि निरोप पोरीच्या तोंडून द्यायचा. जन्मात सुधारणार नाही तो माणूस.

लेक: बाबा म्हणाले, बोलाव. दोनदा म्हणाले. मीच नको म्हटलं.

आई: तू.

लेक: त्याच्या घरचे काकूंनाच माझी आई समजतात. पहिल्या भेटीत तसं समजले, मी काही बोलले नाही. नंतर बोलायचं राहून गेलं.

आई: राहून जायला ते काय छत्री आहे? तोंड उघडायचं आणि सांगायचं, माझी आई वेगळी आहे, नर्सरी चालवते, हातपाय धड आहेत तिचे.

लेक: आणि पुढे? का गेली विचारलं तर?

आई: सांगायचं की बाप दुसरीकडे रमला होता.

लेक: ते तू गेल्यावर एका वर्षानं.

आई: हे तुला त्याने सांगितलं. माझ्या उशाशी वर्षभर आधीपासून होतं ते. पण जाऊ दे, उकरायचं नाही मला. बघ, ही गवतं तुझ्याच घरची आहेत. तिथले गड्डे खणून आणले, वाटून वाटून वाढवले. एकही मरू दिला नाही. तीच आता परत जातील, एवढंच मला बोलायचं होतं.

लेक: माहीत आहे मला कुठली आहेत.

आई: तुला काय आठवणार? एवढीशी होतीस.

लेक: मी फाटकावर चढून बसले होते. टेम्पोभर कुंड्या होत्या. तू प्रत्येकीला ओलं पोतं गुंडाळत होतीस, रस्त्यात सुकायला नको म्हणून. ड्रायव्हरला सांगत होतीस, हळू घे, खड्डे चुकव. पुढच्या सीटवर तुझ्या शेजारी जागा होती. मी बघत होते ती जागा.

आई: तुझ्या ताब्यासाठी कोर्टाचे कागद झाले होते. तुझा बाप सही देत नव्हता. झाडांना कोणाची सही लागत नव्हती.

लेक: सही सोड गं. तू मला विचारलं नाहीस. येतेस का, एवढंसुद्धा नाही. दप्तर भरून ठेवलं होतं मी.

आई: मला वाटलं, घर लागलं की मागून आणेन. खोली एकच होती, छप्पर गळत होतं. तिथे तुला कुठे ठेवणार होते?

लेक: कुंड्यांच्या शेजारी.

आई: आले होते की मी नंतर, तुला न्यायला.

लेक: नंतर आलीस, तोपर्यंत माझी वेणी काकू घालायला लागल्या होत्या. नीट घालायच्या. ओढायच्या नाहीत.

आई: मी ओढायचे.

लेक: खूप ओढायचीस. मला चालायचं ते.

आई: तर हा दंड आहे मला.

लेक: दंड नाही. त्या दिवशी मला रडायचं नाहीये, बस. तुला पहिल्या रांगेत बघितलं की मी फाटकावर जाऊन बसणार. इतकी वर्षं झाली, तरी जाते. मला एक दिवस तिथे जायचं नाहीये.

आई: आणि माझं? एकुलत्या एक लेकीचं लग्न, आणि मी आदल्या दिवशी खड्डे खणून घरी जायचं. गरज सरो, वैद्य मरो.

लेक: नको असतील द्यायला तर नको देऊस. मी दुसरीकडे बघते.

आई: दुसरीकडे तुला एवढं मोठं मिळणार नाही.

लेक: मग मी झेंडू लावते.

आई: झेंडू लावू नकोस म्हटलं ना.

लेक: ती कुंडी खाली ठेव. किती वेळ हातात धरून आहेस.

आई: जड नाहीये, रिकामी आहे. हे ऐक आता, पुन्हा सांगणार नाही. मी आदल्या दिवशी येणार नाही. परवा टेम्पो पाठवते.

लेक: तू नाही येणार? चहालासुद्धा?

आई: चहा तुझ्या काकूला दे. खड्डा कुंडीच्या दीडपट खणायला सांग. गड्डा वर ठेवायचा, मान गाडायची नाही. मग आठवडाभर रोज पाणी, नंतर एक दिवसाआड. तुरे पांढरे पडले म्हणून कोणी कापायला निघालं तर हात धर त्याचा. काकू निघेलच. ते वाळलेलंच उभं राहू द्यायचं, पुढचा फुटवा दिसेपर्यंत. तोवर कात्री लावायची नाही.

लेक: आणि लग्न झाल्यावर? परत पाठवू?

आई: नको. एकदा ओढून आणली तेवढी पुरे. पुन्हा नाही सोसायची त्यांना.

लेक: आई, चिडलीस?

आई: हो. उठ आता, कपड्यांना माती लागली मागे. थांब, झटकू दे. अंधार पडायच्या आत पोच.

लेक: सगळे विचारतील मला. एवढी सुंदर कुठून आणली म्हणून. काय सांगू?

आई: नर्सरीतून आणली म्हण. हे तरी खोटं नाही.