गोठ्यामागची माती

सकाळी साडेदहाला नागपुरातल्या माती तपासणी प्रयोगशाळेची खिडकी उघडली. रांगेत माझ्यापुढे खाप्याचे संत्रा बागायतदार रुपराव आणि त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई होत्या. रुपरावांच्या हातात मातीची पिशवी होती.

पंचफुलाबाईंनी पिशवीत डोकावून विचारले, "एवढी काळी माती कुठची जी? आपल्या बगीच्यात तं चुनखडी आहे."

"गोठ्यामागची आहे. चाळून आणली."

"काहून?"

"साहेबलोक पाहतीन ना वं. बाबाची जमीन आहे. तिले कोणी बेकार म्हणलं तं मले नाही चालत."

"गोठ्यामागं संत्र्याचं एक तरी झाड आहे काय?"

"नाही."

"मंग पिवळी पडून राहिली ती झाडं कुठची? बगीच्यातलीच ना?"

"आपल्या पोरीले, प्रेमिलाले, पाहाले पाहुणे आले, तवा तू तिले पावडर लावलं होतं ना?"

"लावलं होतं. पण डॉक्टरकडे नेलं तवा तोंड धुऊन नेलं."

खिडकीतून आवाज आला.

"पुढे या. माती कोणत्या झाडांखालची?"

"साहेब, मागच्याले घ्या अगोदर," म्हणत रुपराव बाकावर जाऊन बसले.

माझे काम आटोपले तेव्हा पिशवी रुपरावांच्या मांडीवरच होती. पंचफुलाबाई चपराशाला खाप्याच्या बसची आणि खिडकी बंद व्हायची वेळ विचारत होत्या.